शंभर मीटरांत किती दारं?

जमिनीच्या एका सुनावणीसाठी कुडाळच्या काकीला घेऊन बेलापूरला गेलो होतो. रात्रीच्या गाडीने निघालो, पहाटे पनवेलला उतरलो आणि हार्बरची लोकल पकडून सीबीडीला, म्हणजे बेलापूरच्या ‘सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट’ला पोहोचलो. कोकणातल्या सात जिल्ह्यांचं विभागीय आयुक्तालय इथल्या कोकण भवनात आहे. त्यामुळे बेलापूर आमच्याकडे ‘कोर्टकचेरीचं गाव’ म्हणूनच ओळखलं जातं. काम दुपारपर्यंत आटोपलं. स्टेशनकडे परत चालताना काकी अर्ध्या वाटेत थांबली, मागेपुढे बघितलं आणि म्हणाली, “रस्ते मोठे आसत, पण माणसां खंय गेली रे?”

रात्रीची परतीची गाडी पनवेललाच पकडता आली असती, पण तिला क्रॉफर्ड मार्केटात जायचं होतं. म्हणून उलट दिशेने तासाभराचा प्रवास करून सीएसएमटीला उतरलो. भुयारी मार्गातून वर आलो, दादाभाई नौरोजी रस्त्यावर पाऊल टाकलं, आणि तीच काकी म्हणाली, “हां, आता मुंबई इली.”

तिला हे कशावरून कळलं? उंच इमारतींवरून म्हणावं तर त्या बेलापुरातही होत्या. गाड्याही होत्या, बँका होत्या, फायली घेऊन फिरणारी माणसं होती. रिझर्व्ह बँकेचं कार्यालय, सिडको भवन, कोकण रेल्वेचं मुख्यालय असलेलं बेलापूर भवन हे सगळं हाकेच्या अंतरावर. कागदावर बघितलं तर सीबीडी म्हणजे शहराचा गाभाच. नावातच तसं लिहिलं आहे. एकाच लोकलच्या मार्गावरची, खाडीच्या दोन बाजूंची ही दोन शहरं. मग एकाचं केंद्र शहर वाटतं आणि दुसऱ्याचं वाटत नाही, हे कसं?

शिकागोचे समाजशास्त्रज्ञ लुई वर्थ यांनी १९३८ साली शहराची तीन लक्षणं मांडली होती: मोठी लोकसंख्या, दाटी आणि माणसांमधलं वैविध्य. व्याख्या चांगली आहे, पण ती आख्ख्या शहराची. रस्त्यावरून चालणाऱ्या काकीला जनगणनेचे आकडे दिसत नसतात. तिला दिसतं ते डोळ्यांच्या उंचीवरचं, पंधरावीस पावलांच्या टप्प्यातलं. शहरीपणाचा अनुभव तिथे तयार होतो, म्हणून मोजायचाही तिथेच.

मोजमाप सोपं आहे. माणूस सहज चालीने तासाला पाच किलोमीटर जातो, म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मीटर. शंभर मीटर चालायला त्याला ७० सेकंदांच्या आसपास लागतात. दुकानांची तोंडं पाच-पाच मीटरची असतील, तर एवढ्या वेळात वीस दुकानं समोरून जातात. दर साडेतीन सेकंदांनी नवं दार, नवी पाटी, नवा वास: इथे घड्याळजी, तिथे झेरॉक्स, पुढे रबरी शिक्के, त्याच्यापुढे फरसाण. आता तोच रस्ता घ्या, पण बाजूला एकाच कार्यालयाची साठ मीटर लांबीची कुंपणभिंत. त्याच चालीने जवळजवळ पाऊण मिनिट तुमच्यासमोर एकच भिंत राहणार. पावलं तेवढीच पडली, मेंदूला मात्र काही मिळालं नाही.

हे ‘काही न मिळणं’ शरीरावर दिसतं का, हे कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ कॉलिन एलार्ड यांनी २०११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तपासलं. लोकांच्या मनगटाला त्वचेची विद्युतवाहकता मोजणारं यंत्र बांधलं आणि त्यांना रस्त्यांवरून फिरवलं. मन उत्तेजित झालं की त्वचेला बारीक घाम येतो आणि तिच्यातून वीज अधिक सहज वाहते, हे त्यामागचं तत्त्व. एका प्रचंड दुकानाच्या लांबच लांब कोऱ्या दर्शनी भागासमोर लोकांची उत्तेजना खाली गेली, आपल्याला कसं वाटतंय हे सांगायला त्यांनी कंटाळ्याचे शब्द निवडले. छोटी हॉटेलं आणि दुकानं दाटीने असलेल्या पट्ट्यात उलट झालं. काकीच्या मनगटाला यंत्र नव्हतं, एवढाच काय तो फरक.

फोर्टात, म्हणजे काकी जिथे ‘मुंबई इली’ म्हणाली त्या भागात, दारं इतकी दाट का, याचं उत्तर फोर्ट या नावातच आहे. हा भाग खरोखर किल्ला होता. तटबंदीच्या आतली जागा मर्यादित आणि तिथे राहू-व्यापार करू पाहणारे खूप. साहजिकच प्रत्येकाला रस्त्याला लागून थोडीशी तोंडाची जागा आणि मागे लांबट खोली एवढंच मिळालं. १८०३ साली फेब्रुवारीत लागलेल्या आगीत किल्ल्याच्या उत्तरेकडचा मोठा भाग जळाला आणि बरीच वस्ती तटाबाहेर गेली. तरीही बोरा बाजार, मोदी स्ट्रीट या पट्ट्यात आजही तो जुना अरुंदपणा जाणवतो. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तट पाडला गेला. आपण चर्चगेट म्हणतो, त्या स्टेशनाला नाव देणारा दरवाजाही तेव्हाच गेला. नाव उरलं, दार गेलं. तटाबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं ठेवलेलं मैदान मात्र पूर्ण भरलं नाही. ओव्हल आणि आझाद मैदान ही त्याचीच शिल्लक. म्हणजे फोर्टात आपण ज्याला शहराची ऐट समजतो, त्यातला बराचसा भाग लष्करी गैरसोयीतून आला आहे.

बेलापूरची गोष्ट अगदी वेगळी. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडली. मार्च १९७० मध्ये त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश ठरला, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल सुरू झाला. राज्याचा कारभार इकडे हलेल, त्याच्यामागे कंपन्या येतील, असा हिशेब होता. मंत्रालय हललं नाही. त्याच काळात समुद्रात भराव घालून नरिमन पॉइंट उभा राहत होता, म्हणजे ज्या गर्दीला पूर्वेकडे, खाडीपलीकडे न्यायचं तिलाच दक्षिणेला आणखी जागा मिळाली. रेल्वे वाशीला पोहोचायला १९९२ उजाडलं.

पण काकीच्या प्रश्नाचं उत्तर मला राजकारणापेक्षा ‘मार्जिन’मध्ये सापडतं. नियमांच्या मराठीत त्याला सामासिक अंतर म्हणतात: भूखंडाच्या हद्दीपासून इमारतीपर्यंत चारी बाजूंनी सोडायची मोकळी जागा. उजेड, वारा, अग्निशमन दलाची गाडी यांसाठी ती हवीच, याबद्दल वाद नाही. मात्र मोठा भूखंड, त्यावर एक इमारत, भोवती मार्जिन, मार्जिनमध्ये पार्किंग आणि शेवटी कुंपण व फाटक एवढं झालं की रस्त्याला इमारतीचं तोंड उरतच नाही. उरते भिंत, आणि भिंतीत रखवालदाराची केबिन. प्रत्येक नियम आपापल्या जागी शहाणा, पण सगळे मिळून रस्ता मुका करून टाकतात.

दुसरा हिशेब कोपऱ्यांचा. सहाशे मीटर लांब आणि तेवढाच रुंद चौकोन घ्या. त्यात दर दोनशे मीटरांवर रस्ता असेल, तर एका कोपऱ्यातून कर्णाच्या दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात जायला, उलट न फिरता, वीस वेगवेगळ्या वाटा मिळतात. रस्ते दर शंभर मीटरांवर केले तर वाटा चाळीस होतील असं वाटतं. होतात ९२४! शाळेत शिकलेल्या क्रमचय-संचयाचा हा खेळ आहे. वहीवर जाळी काढून कोणीही पडताळून पाहावा. वाटा जास्त म्हणजे रोज वेगळी वळणं, आणि जितकी वळणं तितकी कोपऱ्यावरची दुकानं. फोर्टच्या जुन्या भागात एखादी गल्ली चुकली तरी माणूस दोन मिनिटांत पुन्हा ओळखीच्या जागी येतो. मोठ्या सेक्टरमध्ये वळण चुकलं, तर उन्हातून परत यावं लागतं आणि माणूस निमूटपणे रिक्षाला हात करतो.

तिसरी गोष्ट उंची आणि रुंदीच्या नात्याची. रस्ता जेवढा रुंद तेवढीच समोरची इमारत उंच असेल, तर तिचा माथा नजरेच्या पातळीपासून सुमारे ४५ अंशांवर येतो. रस्ता इमारतीच्या दुप्पट रुंद असेल तर २७ अंशांवर, चौपट असेल तर जेमतेम १४ अंशांवर. बोरा बाजारात भिंती दोन्ही बाजूंनी अंगावर येतात आणि वर आभाळाची चिंधी दिसते. आपण कशाच्या तरी ‘आत’ आहोत असं वाटतं. बेलापुरातली इमारत बोरा बाजारातल्या चाळीपेक्षा कितीतरी उंच असते, पण ती इतक्या लांब उभी असते की एखाद्या वस्तूसारखी वाटते. ती दिसते, पण आपण तिच्या आत नसतो. माझ्या मते उंच इमारतींवरून शहराची प्रतिष्ठा जोखणाऱ्यांची चूक इथेच होते.

आता आमच्या हवामानाचं. मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो; भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. अशा वेळी वीस मजली इमारतही पायथ्याशी सावली देत नाही. शिवाय जून ते सप्टेंबर पाऊस, वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक. यावरचा तोडगा दादाभाई नौरोजी रस्त्यावर, त्या काळच्या हॉर्नबी रोडवर, १८९६ च्या एका नियमाने काढला: रस्त्यालगतच्या इमारतींनी तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट ठेवायची. वरच्या इमारती कोणी गॉथिक बांधो की आणखी कशा, खालची कमान सगळ्यांना समान. आम्हा कोकण्यांना यात नवल वाटू नये, कारण ही पडवी आहे. घर आणि अंगण यांच्यामधली, ऊन-पाऊस अडवणारी, अनोळखी माणूसही टेकू शकेल अशी जागा. त्या दिवशी पावसाची सर आली तेव्हा काकी कमानीखाली उभी राहून मोजे विकणाऱ्याशी भाव करत होती. बेलापुरात सकाळी तशीच सर आली होती, तेव्हा आम्ही फाटकापासून इमारतीच्या पोर्चपर्यंत पळत सुटलो होतो. तेही नियमच होते आणि हाही नियमच होता. फरक एवढाच की एकाने इमारतीला मागे सरकवलं, दुसऱ्याने तिला पुढे आणून खालून पोकळ केलं.

फोर्टचं फार कौतुक झालं, म्हणून हेही सांगतो. रविवारी तिथे जाऊन बघा. ज्या गल्ल्यांत आदल्या दिवशी खांद्याला खांदा घासत होता, तिथे शटरं खाली आणि मधोमध पोरांचं क्रिकेट. राहणारे कमी आणि कामाला येणारे जास्त, की दारं कितीही असोत, ती बंदच. उलट सीबीडीच्या सेक्टर १५ मध्ये संध्याकाळी खाण्यापिण्याची चांगली गजबज असते आणि आजूबाजूच्या सेक्टरांत माणसं राहतात, संध्याकाळी फिरायला उतरतात. त्यामुळे मोजणी करायची तर बुधवारी दुपारी एकदा आणि रविवारी रात्री एकदा करावी.

गजबज सोसावीही लागते. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७० मध्ये म्हटलं होतं की शहरातल्या माणसावर चेहरे, आवाज, हाका यांचा इतका भार पडतो की तो निवड करायला लागतो. बहुतेकांकडे बघायचंच नाही, बोलायचं ते कामापुरतं. मुंबईकर रुक्ष असतो अशी गावाकडे तक्रार असते, तिचं हे शास्त्रीय रूप. चालीवरही परिणाम होतो. मार्क आणि हेलन बॉर्नस्टाइन यांनी १९७६ मध्ये सहा देशांतल्या १५ गावा-शहरांच्या मुख्य रस्त्यांवर पन्नास फूट अंतर चालायला लोकांना किती वेळ लागतो ते मोजलं. वस्ती जितकी मोठी तितकी चाल भरभर, असं निघालं. संध्याकाळी साडेसहाला सीएसएमटीच्या दिशेने निघालेल्या लोंढ्यात उभं राहिलं, तर हे घड्याळाशिवाय कळतं.

पण मग मालवणची बाजारपेठ आठवते. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचं अशी रुंदी, दुकानाच्या वर किंवा मागे घर, फळीवर बसलेला दुकानदार. वस्तीच्या आकड्यात बेलापूरच्या जवळपासही नाही. तरी दर पाच पावलांना दार आणि दारात माणूस. तिथे पोचल्यावर आमच्याकडे ‘बाजारात गेलो’ म्हणतात, शहरात नव्हे. चालणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र फोर्टची गल्ली आणि ही पेठ एकाच कुळातल्या वाटतात.

बेलापूरची एक गोष्ट सांगायची राहिली. काकी थांबली होती तिथून थोडं पुढे, कुंपणभिंत वळते त्या खाचेत, निळी ताडपत्री ताणून एक चहाची टपरी होती. नकाशात नसलेली, सामासिक अंतरात न बसणारी. बाजूला खुर्ची टाकून एकजण अर्ज लिहून देत होता, त्याच्यापलीकडे केळी. चहावाला देवगडचा निघाला. टपरीचं तोंड फार तर सहा फुटांचं, म्हणजे चालत्या माणसाला जेमतेम सव्वा सेकंद. आम्ही तिथे अर्धा तास होतो.