हेवीवेटचा पट्टा आणि वजनाची शिडी

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी धारोष्ण दुधाचा ग्लास हातात घेतला की कुस्तीचा विषय निघतोच. अलीकडं तिथं बॉक्सिंगही येऊ लागलंय. मे २०२४ मध्ये ओलेक्झांडर उसिकनं रियाधला टायसन फ्युरीला हरवून हेवीवेटचे, म्हणजे सगळ्यात जड गटाचे, चारही संघटनांचे पट्टे एका कमरेला बांधले. सप्टेंबर २०२५ मध्ये टेरेन्स क्रॉफर्डनं लास व्हेगासला कॅनेलो अल्वारेझला गुणांवर हरवलं आणि पाचव्या वजनगटात जगज्जेता झाला. मग यातला मोठा कोण? तालमीतल्या एका जड पोरानं निकाल देऊन टाकला, "भावा, उसिकनं एकच हाणला तर क्रॉफर्ड थेट रंकाळ्यात." शेजारचा साठ-एकसष्ट किलोचा पोरगा उसळला, "आणि दोघांचं वजन सारखं असतं तर?"

हे दोन प्रश्न मुळातच वेगळे आहेत, आणि बॉक्सिंगच्या गेल्या सव्वाशे वर्षांत ते सतत एकमेकांत मिसळत आलेत. सगळ्यांना कोण पाडू शकतो, हा हेवीवेटचा प्रश्न. अंगमेहनत, वेग आणि डोकं यांत सरस कोण, हा दुसरा. कोल्हापूरच्या माणसाला हा फरक समजावून सांगायला लागत नाही. महाराष्ट्र केसरीच्या अधिवेशनात ५७ किलोपासून वर गट असतात आणि त्यांत सोनं जिंकणारे पैलवान अस्सल असतात, पण चांदीची गदा खुल्या गटातल्याच खांद्यावर जाते. पेपरात फोटो गदेवाल्याचा. ५७ किलोचा विजेता कोण, हे त्याच्या गावाबाहेर फार थोड्यांना आठवतं.

बॉक्सिंगमध्ये सुरुवातीला गटच नव्हते म्हटलं तरी चालेल. उघड्या मुठींनी लढायच्या काळात चॅम्पियन म्हणजे एकच माणूस, आणि तो बहुधा जडच असायचा. १८६७ साली मार्क्वेस ऑफ क्वीन्सबेरीच्या नावानं नियम आले. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, पडलेल्याला उठायला दहा मोजायची पद्धत हे सगळं त्यातलं. वजनांची नावं होती, पण आकडे पक्के नव्हते. मिडलवेटची मर्यादा किती, हे बरेचदा चॅम्पियनच्या सोयीनं ठरायचं. १८९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जिम कॉर्बेटनं जॉन एल. सलिव्हनला पाडलं, तिथून हातमोज्यांच्या हेवीवेटची सलग परंपरा सुरू झाली.

त्या परंपरेत, सलिव्हन धरला तर, तिसऱ्याच नंबरावर बॉब फिट्झसिमन्स उभा आहे, आणि त्याच्यापाशी थांबल्याशिवाय पुढं जाता येत नाही. जन्म इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा, वाढला न्यूझीलंडमध्ये, धंदा लोहाराचा. पाय काटकुळे, पण खांदे आणि पाठ घण मारून कमावलेली. १८९१ मध्ये तो मिडलवेटचा चॅम्पियन झाला. १७ मार्च १८९७ रोजी नेवाडातल्या कार्सन सिटीत तो कॉर्बेटसमोर उभा राहिला तेव्हा त्याचं वजन ७५-७६ किलो होतं, कॉर्बेट त्याहून सात-आठ किलोंनी जड. सहाव्या फेरीत फिट्झसिमन्स खाली बसला होता, तोंड रक्तानं माखलं होतं. कॉर्बेट हलक्या पायांचा, शास्त्रशुद्ध खेळणारा. गुणांवर गेला असता तर बहुधा तोच जिंकला असता. चौदाव्या फेरीत फिट्झसिमन्सनं डावा हात त्याच्या पोटाच्या वरच्या खळग्यात, बरगड्या जिथं मिळतात तिथं, खालून घातला. कॉर्बेट शुद्धीत होता. डोळे उघडे होते, आकडे ऐकू येत होते, पण श्वास घेता येईना आणि उठता येईना. या लढतीची फिल्म घेतली होती, म्हणून तिच्यावर पुढं फार वाद घालता आला नाही.

दोन वर्षांनी जेम्स जेफ्रीज नावाच्या ९० किलोंवरच्या आडदांड गड्यानं त्याचा पट्टा काढून घेतला. फिट्झसिमन्स थांबला नाही. १९०३ मध्ये, चाळिशी गाठल्यावर, नव्यानं निघालेल्या लाइट हेवीवेट गटात त्यानं जॉर्ज गार्डनरला वीस फेऱ्यांत हरवलं. तीन वजनांत जगज्जेता झालेला हा पहिला माणूस. म्हणजे अनेक वजनांच्या परंपरेचा मूळपुरुष स्वतः हेवीवेट चॅम्पियन होता. वादात दोन बाजू पाडून बसणारे नेमकं हेच विसरतात.

१९०९ मध्ये लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबनं आठ वजनगट आणि त्यांचे आकडे पक्के केले: हलक्याकडून जडाकडं फ्लायवेट, बँटमवेट, फेदरवेट, लाइटवेट, वेल्टरवेट, मिडलवेट, लाइट हेवीवेट आणि हेवीवेट. १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या वॉकर कायद्यानं अमेरिकेत त्याला सरकारी आधार दिला. याच सुमारास इकडं राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधून घेतलं. १९१२ साली ते सुरू झालं. तिकडं काट्यावर वजन मोजून जोड ठरू लागली होती. आपल्याकडं वस्तादाची नजर हाच काटा होता. कुणाची मान किती भरली, कुणाचा दम कुठवर टिकतो, हे बघून जोड लागायची. नजर चुकली की लोक मैदानातच ओरडून सांगायचे.

वजनाचे गट कशासाठी हवेत, याचं उत्तर त्याच १९०९ सालच्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात मिळालं. हेवीवेट चॅम्पियन जॅक जॉन्सन विरुद्ध मिडलवेट चॅम्पियन स्टॅन्ली केचेल. बाराव्या फेरीत केचेलच्या उजव्या हातानं जॉन्सन चक्क खाली बसला. तो उठला, केचेल अंगावर धावून आला आणि जॉन्सनच्या पुढच्याच माऱ्यानं उताणा पडला. हलक्याला संधी मिळते, पण चूक करायची मुभा नसते. जडाला एक चूक पचते.

आता हेन्री आर्मस्ट्राँग. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात अवघड पराक्रम त्याचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये तो ५७ किलोंच्या फेदरवेटचा चॅम्पियन झाला. मे १९३८ मध्ये त्यानं मधला लाइटवेट गट ओलांडून थेट वेल्टरवेटच्या बार्नी रॉसला हरवलं, तेही रॉसपेक्षा चारेक किलोंनी हलका असताना. ऑगस्टमध्ये खाली येऊन लू अँबर्सकडून लाइटवेटचा पट्टा घेतला. दहा महिन्यांत तीन पट्टे, आणि तिन्ही एकाच वेळी ताब्यात. तेव्हा जगात एकूण गट आठ होते आणि बहुतेक गटांत एकच मान्य चॅम्पियन असायचा. १९४० मध्ये तो मिडलवेटसाठीही लढला आणि सेफेरिनो गार्सियाशी बरोबरीत सुटला. तो निकाल त्याच्या बाजूनं गेला असता तर आठांतले चार गट एकट्यानं जिंकलेला माणूस म्हणून त्याचं नाव लागलं असतं.

त्याच काळात हेवीवेटला जो लुईस होता. १९३७ ते १९४९ पट्टा त्याच्याकडं, २५ वेळा राखलेला. जून १९४१ मध्ये लाइट हेवीवेटचा पट्टा सोडून आलेला बिली कॉन वजनानं बराच कमी असूनही त्याच्यासमोर आला आणि बारा फेऱ्यांनंतर गुणांत पुढं होता. तीन फेऱ्या नुसतं लांब राहिला असता तरी चाललं असतं. पण तेराव्या फेरीत त्याला लुईसला पाडायचंच होतं. जवळ गेला आणि फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना मोजला गेला.

लुईसला कुणी विचारलं नाही की तू किती वजनांत जिंकलास. त्याच्या वर गटच नव्हता. हेवीवेटची शिडी पहिल्याच पायरीला संपते, म्हणून त्याला मोजायचं माप वेगळं: किती वर्षं टिकला आणि समोर कोण कोण आलं.

पाउंड फॉर पाउंड, म्हणजे वजन सारखं धरलं तर सरस कोण, हा शब्द रूढ झाला तो शुगर रे रॉबिन्सनमुळं. वेल्टरवेट आणि मिडलवेटचा हा चॅम्पियन २५ जून १९५२ रोजी यांकी स्टेडियममध्ये लाइट हेवीवेटच्या जोई मॅक्सिमशी लढला. सातेक किलोंचा फरक आणि रात्रीचीही भट्टीसारखी उष्णता. दहाव्या फेरीनंतर पंचच गळाले, दुसरे आणावे लागले. रॉबिन्सन गुणांत आरामात पुढं होता. चौदाव्या फेरीची घंटा वाजली, पण तो स्टुलावरून उठू शकला नाही. त्याला त्या रात्री मॅक्सिमच्या ठोशांनी नाही, उष्म्यानं आणि समोरच्या अंगाच्या भारानं हरवलं. क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना मिठी पडते तेव्हा, जड माणूस अंगावर रेलला की पाय कसे भरून येतात, हे ज्यानं हौदात जड गड्याखाली पाच मिनिटं काढलीत त्याला विचारा.

महिनाभरानं, जुलै १९५२ मध्ये, हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी ५७ किलोंत ब्राँझ जिंकलं. गोळेश्वरचा हा पैलवान राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, आणि त्याच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे कोल्हापूरला ठाऊक आहे. कमी बोललं जातं ते हे, की १९४८ मध्ये लंडनला खाशाबा ५२ किलोंत खेळून सहावे आले होते. चार वर्षांत एक गट वर चढून, मातीतला माणूस गादीवर जाऊन पदक घेऊन आला. वजन वाढवून वेग टिकवणं काय असतं, याचं उदाहरण शोधायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही.

पुढं गणित बिघडलं. आठांचे सतरा गट झाले. डब्ल्यूबीए, १९६३ पासून डब्ल्यूबीसी, १९८३ पासून आयबीएफ, १९८८ पासून डब्ल्यूबीओ अशा चार संघटना, आणि प्रत्येकीचा वेगळा चॅम्पियन. शेजारच्या दोन गटांत कधीकधी दीड-दोन किलोंचंच अंतर. पूर्वी वजन लढतीच्या दिवशी व्हायचं. आता आदल्या दिवशी होतं, आणि खेळाडू पाणी तोडून काट्यावर उभा राहतो, रात्रभरात कित्येक किलो परत चढवतो. त्यामुळं कागदावरचा गट आणि रिंगमधलं अंग यांचा मेळ राहत नाही. म्हणून नुसती पट्ट्यांची संख्या सांगणाऱ्याचं मी ऐकून घेत नाही. किती किलो चढला, रिंगमध्ये किती किलो सोडून, म्हणजे समोरच्यापेक्षा किती कमी असून, लढला आणि समोर खरा चॅम्पियन होता की चॅम्पियनच नसलेला रिकामा पट्टा, एवढं सांगावं.

या कसोटीवर मॅनी पॅकियाव पुरून उरतो. १९९८ मध्ये ५१ किलोंच्या फ्लायवेटपासून निघालेला फिलिपिनो, २०१० मध्ये ७० किलोंच्या गटात आठवा पट्टा घेतो. त्या लढतीत अँटोनियो मार्गारिटो रिंगमध्ये त्याच्यापेक्षा सात-आठ किलोंनी जड होता. बारा फेऱ्यांनंतर मार्गारिटोच्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलेलं होतं.

आणि हेवीवेट? तिथंही एक लपलेली शिडी आहे. १९१९ मध्ये जॅक डेम्प्सी ८५ किलोंचा होता आणि त्यानं १११ किलोंच्या जेस विलार्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडलं. ४९ पैकी ४९ लढती जिंकणारा रॉकी मार्सियानो ८४-८५ किलोंचा. आजच्या नियमानं हे दोघं हेवीवेटच नाहीत! क्रूझरवेट गट १९८०च्या सुमारास निघाला आणि २००३ पासून त्याची मर्यादा ९०.७ किलो झाली. त्याच्या वर हेवीवेट. म्हणजे जुने हेवीवेट चॅम्पियन वजन सोडूनच लढत होते, फक्त त्याचा वेगळा पट्टा कुणी दिला नाही.

लाइट हेवीवेटच्या गादीवर असताना हेवीवेटचा चॅम्पियन होणं मायकेल स्पिंक्सला १९८५ मध्ये जमलं, तेही ४८ लढतींत अपराजित लॅरी होम्सला गुणांवर हरवून. तोवरचे कॉन, आर्ची मूर, बॉब फॉस्टर सगळे आपटले होते. १९८८ मध्ये माइक टायसननं स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं. २००३ मध्ये रॉय जोन्सनं जवळपास १५ किलो जड असलेल्या जॉन रुइझला बारा फेऱ्या नुसतं फिरवलं. मिडलवेटचा माजी चॅम्पियन हेवीवेटला पोचायला फिट्झसिमन्सनंतर १०६ वर्षं लागली. पण कमावलेलं वजन उतरवून तो परत ७९ किलोंवर आला आणि पुढच्याच वर्षी अँटोनियो टार्व्हरनं त्याला दुसऱ्या फेरीत पाडलं. वर चढणं अवघड, आणि खाली उतरणं त्याहून अवघड. तालमीत वजन तोडायला स्वेटर घालून पळणारी पोरं हे बघून बघूनच शिकतात.

दूधकट्ट्यावर मला विचारलं तेव्हा मी उसिकच्या बाजूनं बोललो. क्रॉफर्ड ६१ किलोंवरून ७६ किलोंपर्यंत आला आणि कॅनेलोसारख्याला त्याच्याच वजनात हरवलं, हे फार मोठं आहे. पण उसिक २०१८ मध्ये क्रूझरवेटचे चारही पट्टे जिंकून वर गेला, आणि जिथं वरून मर्यादाच नाही अशा गटात पंधरा किलोंहून जास्त जड फ्युरीला गुणांवर हरवून आला. जड पोरगा खूश झाला. एकसष्ट किलोवाल्यानं मात्र लगेच विचारलं, "मग आर्मस्ट्राँग?" त्याला मी म्हणालो, आर्मस्ट्राँग पहिला, उसिक त्याच्यानंतर.