मुंबईचे ऐतिहासिक नगररूप

मुंबईचे ऐतिहासिक नगररूप : मुंबई बेटावरील जुन्या इमारती आणि त्यांच्यामधली मैदाने, कमानी, गॅलऱ्या, आळ्या यांतून शहराला आलेला चेहरामोहरा. गॉथिक (टोकदार कमानी व उंच मनोऱ्यांच्या) शैलीची सरकारी कार्यालये, आर्ट डेको (विसाव्या शतकातल्या, सुबक रेषा व गोलाईच्या) शैलीची चित्रपटगृहे व निवासी इमारती, चाळी, गावठाणे आणि कापड गिरण्यांची आवारे असे त्याचे ठळक थर आहेत. वर्णन करताना सहसा वास्तुकारांची नावे पुढे येतात. पण शहराचे हे रूप ठरवण्यात लष्करी खबरदारी, पालिकेचे बांधकाम नियम आणि भाडेकायदा यांचा वाटा वास्तुकारांहून कमी नाही. किंबहुना काही भागांत तो अधिकच आहे.

कोट व मैदाने : १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे आली आणि पुढच्या शतकात किल्ल्याभोवती तटबंदीचे शहर उभे राहिले. मराठीत तो कोट. आजचा फोर्ट विभाग. तटावरच्या तोफांसमोर आडोसा राहू नये म्हणून तटाबाहेरची मोठी पट्टी मोकळी ठेवलेली होती. १८०३ च्या आगीत कोटातली देशी वस्ती मोठ्या प्रमाणात जळाली, तेव्हा अनेक कुटुंबे आणि व्यापार या मोकळ्या पट्टीपलीकडे, उत्तरेला सरकले. काळबादेवी, गिरगाव, भुलेश्वर यांची दाटी आणि कोटाची ऐसपैस रचना यांच्यातली फट तेव्हापासून रुंदावत गेली. ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान आणि कूपरेज हे त्या पट्टीचेच उरलेले तुकडे आहेत. शत्रू दिसावा म्हणून राखलेली जागा आज क्रिकेटच्या कामी येते.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी तट पाडायला घेतला. युद्ध संपताच शेअर बाजार कोसळला, अनेक पेढ्या बुडाल्या. पण मोकळी झालेली जमीन आणि नव्या शहराचे आराखडे मागे राहिले. ओव्हलच्या पूर्वेची सचिवालय, विद्यापीठ आणि उच्च न्यायालयाची रांग १८७० च्या दशकात पुरी झाली. ही रांग मुळात पश्चिमेच्या समुद्राकडे तोंड करून बांधली होती. पुढे भराव पडला, समुद्र लांब गेला, आणि आता तिच्यासमोर मैदानापलीकडे आर्ट डेको इमारती उभ्या आहेत.

गॉथिक आणि त्याचे देशी हात : विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा यांचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून केला, मुंबईत ते कधी आले नाहीत. मनोऱ्यासाठी पैसा प्रेमचंद रायचंद या कापूस-दलालाने दिला आणि आईचे नाव त्याला दिले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेले व्हिक्टोरिया टर्मिनस (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) १८७८ ते १८८८ या काळात बांधले गेले. त्याच चौकातली महापालिकेची इमारतही (१८९३) त्यांचीच.

या इमारतींचा सांगाडा युरोपी असला, तरी अंगावरचे काम इथले आहे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी टर्मिनसवरचे पुष्कळसे कोरीवकाम केले. मान वर करून पाहिले, तर मोर, माकडे, पानाफुलांच्या वेली दिसतात. फाटकाच्या खांबांवर एकीकडे ब्रिटनचा सिंह, दुसरीकडे हिंदुस्थानचा वाघ. उच्च न्यायालयाच्या एका खांबावर हातात तराजू धरलेले, एका डोळ्यावर पट्टी बांधलेले माकड न्यायाधीशाच्या थाटात बसले आहे. वादात सापडलेल्या कंत्राटदाराने सूड म्हणून ते कोरवून घेतले, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, वकील मंडळी ती आवडीने सांगतात.

कमानींचा नियम : एका चांगल्या नियमाने रस्त्याला कसे रूप येते, याचे उदाहरण दादाभाई नौरोजी मार्ग (पूर्वीचा हॉर्नबी रोड). १८९६ च्या नियमाने इथल्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींखालचा मार्ग ठेवणे बंधनकारक झाले. वरचे मजले कोणी गॉथिक बांधले, कोणी अभिजात युरोपी, कोणी इंडो-सारासेनिक (भारतीय-इस्लामी व युरोपी घाटांचे मिश्रण). मालक वेगळे, पैसा वेगळा, हौस वेगळी. पण पायाशी कमानी सलग राहिल्या आणि रस्ता एकसंध वाटू लागला. दरवर्षी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या शहरात याचा अर्थ साधा आहे : भर जुलैत माणूस छत्री मिटून बरेच अंतर कोरडा चालू शकतो. सरकारी मोजणीत हा कमानींखालचा पट्टा इमारतीचा भाग. वापरात मात्र तो रस्त्याचाच. एका बाजूला दुकानांची दारे, दुसरीकडे खांबाला टेकून फेरीवाले, मधून लोकलच्या दिशेने घाईने जाणारा लोंढा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कमानी झाकणाऱ्या अस्ताव्यस्त पाट्या काढून त्या कमानीच्या चौकटीत बसवण्याची मोहीम झाली आणि दगड पुन्हा दिसू लागला.

आर्ट डेको व चाळ : हे दोन टोकाचे प्रकार एकत्र घेण्याला कारण आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० मध्ये मुंबई विकास विभाग (बीडीडी) स्थापन झाला. त्याच्याकडे दोन मोठी कामे होती : बॅक बे येथे समुद्र हटवणे आणि कामगारांसाठी घरे बांधणे. भरावाचे काम खर्चिक ठरले, त्यावर काँग्रेस नेते खुर्शेद नरिमन यांनी झोड उठवली. पण त्या भरावावर १९३० व ४० च्या दशकांत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलची पश्चिम बाजू उभी राहिली. सिमेंट काँक्रीटने वास्तुकारांना गोलाकार कोपरे, पुढे झेपावणाऱ्या गॅलऱ्या, खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे देता आले. इमारतींची उंची सारखी राहिल्यामुळे किनाऱ्याचा वळसा एका रेषेत दिसतो. रीगल चित्रपटगृह (१९३३) चार्ल्स स्टीव्हन्स यांचे, म्हणजे टर्मिनसच्या वास्तुकाराच्या मुलाचे. बापाने गॉथिकचा कळस गाठला, मुलाने त्याला रामराम केला.

त्याच विभागाने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक सुमारे १६० चौरस फूट. मधोमध बंद बोळ, संडास सामायिक. गिरगावातल्या जुन्या लाकडी चाळींशी त्यांची गल्लत करू नये. तिथे खोल्यांपुढून उघडी गॅलरी जाते, आणि चाळीचा खरा जीव तीच. कठड्यावर वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात तुळस, उन्हाळ्यात रात्री टाकलेल्या वळकट्या. खोली झोपण्याची आणि स्वयंपाकाची, बाकी संसार गॅलरीत. खालच्या चौकात सण. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू आहे. या आपलेपणाचे गोडवे गाताना सकाळची संडासची रांग विसरली जाते; चाळीत न राहिलेल्यांच्या लेखनात ती हमखास विसरली जाते.

कायदा आणि पडझड : १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला आसरा मिळाला, मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, व्यवहार पागडीवर चालू लागला. छते गळू लागली, लाकडी तुळया कुजल्या. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले. त्याने उपकर लावलेल्या १९,६४२ इमारती तेव्हा नोंदल्या गेल्या. दक्षिण व मध्य मुंबईचे जुनेपण टिकले ते बव्हंशी या गोठलेल्या भाड्यामुळे. जतन म्हणून नव्हे, तर कोणालाच काही करणे परवडत नव्हते म्हणून. वाढीव चटई क्षेत्र (जमिनीच्या प्रमाणात बांधता येणारे क्षेत्रफळ) देणारी पुनर्विकासाची तरतूद आल्यावर तेच गणित उलटे फिरले : मूळ रहिवाशांना फुकट घर, उरलेले मजले बाजारभावाने विक्रीला, खाली वाहनतळाचे पोडियम. रस्त्याला लागून असलेली दुकाने आणि गॅलरी दोन्ही त्यात जातात.

वारसा नियमावली १९९५ मध्ये आली. भारतातल्या शहरांत अशी ती पहिली मानली जाते. वास्तूंची तीन श्रेणींत नोंद झाली, बदलांसाठी वारसा समितीची संमती लागू झाली. २००४ मध्ये टर्मिनस आणि २०१८ मध्ये गॉथिक व आर्ट डेको समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. या समूहात ९४ इमारती आहेत. मध्ये ओव्हल नसता, तर समूह म्हणून त्यांची नोंद होणे अवघड होते. श्रेणीचे संरक्षण मात्र दर्शनी भागापुरते चांगले चालते. गिरगावची खोताची वाडी वारसा परिसर असूनही तिथली बरीच लाकडी घरे गेली. एकेक घर पडताना नियम मोडत नाही, वाडी मात्र तुटते.

गिरणगावात एका शब्दाच्या अर्थाने काम केले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमानुसार गिरणी जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीला लागू केली. गिरण्यांच्या आवारात शेड आणि गोदामेच जास्त, मोकळी जमीन थोडी; त्यामुळे शहराच्या वाट्याला फारसे काही आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. परळ-लोअर परळच्या पट्ट्यात त्यानंतर काचेचे मनोरे आणि मॉल उभे राहिले, आणि काही आवारांत विटांची धुराडी तेवढी राखली गेली.