पी०७०० आला म्हणजे गिअरबॉक्स गेला?

ऑटोमॅटिक गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला, गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर पी०७०० हा कोड दिसला, की "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" हे ठरलेलंच. हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय, आणि त्यापायी चांगले गिअरबॉक्स खोलले जातात.

पी०७०० हा बिघाडाचा कोड नाहीच, ती फक्त वर्दी आहे. गिअरबॉक्सचा कंट्रोलर, म्हणजे त्याचा छोटा कॉम्प्युटर, इंजिनच्या कंट्रोलरला कळवतो, "माझ्याकडे काहीतरी नोंदलंय, दिवा लाव." काय नोंदलंय ते त्याच्याच मेमरीत असतं. स्वस्तातला स्कॅनर बहुधा इंजिनपुरतंच वाचतो, म्हणून पुढचं दिसत नाही.

खरा कोड वाचला तरी तो पार्ट बदलायची चिठ्ठी नव्हे. पी०७१५ घ्या. इनपुट स्पीड सेन्सरच्या (इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटमध्ये गडबड, एवढंच तो सांगतो. सेन्सर खराब असेल, किंवा वायर घासली असेल, किंवा कनेक्टरमध्ये तेल शिरलं असेल. आधी कनेक्टर काढून पिना बघा, मग मल्टीमीटरने वायरिंग तपासा. पी०७३० वेगळा: इनपुट आणि आउटपुटच्या फेऱ्यांचं गुणोत्तर लागलेल्या गिअरशी जुळत नाही. इथे क्लच घसरत असू शकतो, पण ऑइल कमी असलं तरी हेच होतं. ऑइलची पातळी कंपनीने दिलेल्या तापमानालाच बघायची. बऱ्याच नव्या गाड्यांत त्यासाठी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) नसतेच.

आणि कोड लगेच उडवू नका. कोड आला तेव्हाचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान ही नोंद त्याच्याबरोबर पुसली जाते.