गर्भाशयाची पिशवी काढल्यानंतर झिरपणारी लघवी

1869 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्ताव सिमोन या शल्यचिकित्सकाने एका स्त्रीचे मूत्रपिंड काढले आणि ती वाचली. पूर्वनियोजित रीतीने मूत्रपिंड काढण्याची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानली जाते. पण रोग त्या मूत्रपिंडात नव्हताच. आधीच्या एका शस्त्रक्रियेत अंडाशयाची गाठ काढताना तिची मूत्रवाहिनी दुखावली होती आणि लघवी सतत गळत होती. आज अशा रुग्णाचे मूत्रपिंड बहुतेक वेळा वाचवता येते, मात्र इजा वेळीच लक्षात यायला हवी.

मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणारी ही नळी सुमारे 25 ते 30 सेंटिमीटर लांब असते. गर्भाशयमुखापासून जेमतेम 2 सेंटिमीटरवर ती गर्भाशयाच्या धमनीखालून जाते, आणि गर्भाशय म्हणजे पिशवी काढताना नेमकी हीच धमनी बांधावी लागते. चिमट्याने हलकेच स्पर्श केला की मूत्रवाहिनी गांडुळासारखी आक्रसते, रक्तवाहिनी तशी आक्रसत नाही. या खुणेवरून शल्यचिकित्सक तिला ओळखतात. परंतु मोठे फायब्रॉइड (गर्भाशयातील गाठी), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) किंवा अचानक झालेला रक्तस्राव यांमुळे ती जागेवरून सरकते किंवा दिसेनाशी होते, आणि अनुभवी हातांकडूनही कापली किंवा टाक्यात बांधली जाऊ शकते. विद्युत उपकरणाच्या उष्णतेने झालेली इजा तर त्या दिवशी दिसतही नाही. भाजलेली भिंत काही दिवसांनी मृत होऊन तिथे छिद्र पडते.

मग घरी गेलेली स्त्री सांगते, ‘लघवीला नेहमीसारखी जाते, तरी पॅड ओलाच राहतो.’ हे वाक्य फार महत्त्वाचे आहे. दुसऱ्या बाजूची मूत्रवाहिनी मूत्राशय भरत असते, म्हणून लघवी होते. दुखावलेल्या बाजूची मात्र योनीतून झिरपते. ‘अंगावरून पाणी जाते, होईल कमी’ अशी तिची समजूत घातली जाते, तेव्हा मोलाचे दिवस वाया जातात. तपासणीची एक रीत साधी आहे. मूत्राशयात निळे द्रावण भरून योनीत कापसाचे बोळे ठेवतात. बोळा निळा झाला तर छिद्र मूत्राशयाला असते. निळा न होता लघवीने ओला झाला तर संशय मूत्रवाहिनीवर जातो.

मूत्रवाहिनी टाक्यात बांधली गेली असेल तर गळतीही होत नाही. कुशीत दुखते, ताप येतो, पोट फुगते, किंवा काहीच जाणवत नाही आणि मूत्रपिंड आतल्या आत निकामी होत जाते. दुसरे मूत्रपिंड काम करत असल्याने मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिनही जवळपास नेहमीइतके राहू शकते, म्हणून केवळ त्या अहवालावर विसंबू नये. सोनोग्राफी आणि सीटी युरोग्राफी म्हणजे मूत्रमार्गाच्या सीटी स्कॅनने चित्र स्पष्ट होते.

इजा किरकोळ असेल तर डीजे स्टेंट ही बारीक नळी काही आठवडे आत ठेवून जखम भरून येऊ देतात. स्टेंट पुढे सरकत नसेल तर पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी घालून लघवी बाहेर काढतात आणि मूत्रपिंडावरचा दाब उतरवतात. खालचा भाग तुटला असेल तर मूत्रवाहिनी मूत्राशयात नव्याने जोडतात. लांबी अपुरी पडल्यास मूत्राशयाचीच पट्टी वळवून नळीसारखी वापरतात. पूर्वी दुरुस्तीसाठी सहसा तीन महिने थांबत. आता जंतुसंसर्ग नसेल आणि रुग्णाची प्रकृती बरी असेल तर लवकर दुरुस्ती करण्याकडे कल आहे, आणि माझ्या मते ओल्या कपड्यांत काढाव्या लागणाऱ्या त्या तीन महिन्यांचा विचार करता तो योग्यच आहे.

घातलेला स्टेंट ठरल्या तारखेला काढलाच पाहिजे, कारण विसरलेल्या स्टेंटवर खडे जमतात. तो काढल्यानंतरही काही महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, कारण जोडलेली जागा कोणताही त्रास न देता अरुंद होऊ शकते.