ड्रमकिट कॉम्प्युटरला जोडताना १९८३ आडवं येतं

इलेक्ट्रॉनिक ड्रमकिटची यूएसबी केबल लॅपटॉपला लावली, क्यूबेस किंवा रीपरसारख्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक उघडला, किक आणि स्नेअर झकास वाजले. मग फ्लोअर टॉमच्या, म्हणजे तिसऱ्या टॉमच्या, रिमवर (कडेवर) काठी पडली आणि दात वाजल्यासारखा खडखडाट ऐकू आला. केबल खराब नाही, किटही खराब नाही. रोलँडची मॉड्यूलं (किटचा मेंदू असलेल्या पेट्या) तिसऱ्या टॉमच्या रिमला ५८ हा नोट नंबर देतात आणि जनरल मिडी या आवाजांच्या ठरीव यादीत ५८ म्हणजे व्हायब्रास्लॅप हे खडखडणारं वाद्य. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. भांडण जुनं आहे: मिडी ही वाद्यांनी एकमेकांशी आणि कॉम्प्युटरशी बोलायची भाषा कीबोर्डवाल्यांनी कीबोर्डसाठी घडवली आणि ड्रम तिच्यात नंतर राहायला आला.

१९८१ मध्ये सिमन्स कंपनीचा एसडीएस-५ हा षटकोनी पॅडांचा सेट बाजारात आला. पॅडखालच्या सेन्सरमधून निघणारा विजेचा झटका सरळ अ‍ॅनालॉग आवाज चालू करायचा. वाजवलेलं टिपून ठेवायचं तर टेपवर आवाजच रेकॉर्ड करावा लागे. त्याच वर्षी सिक्वेन्शियल सर्किट्स या सिंथेसायझर कंपनीचे डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिंथेसायझरना एकमेकांशी बोलता येईल अशा जोडणीचा प्रस्ताव मांडला. रोलँडचे इकुतारो काकेहाशी या प्रयत्नामागे भक्कम उभे होते. जानेवारी १९८३ मध्ये नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन कीबोर्ड जोडून दाखवले गेले आणि त्याच वर्षी मिडी १.० छापून आलं.

पाच पिनांच्या त्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एका बाइटला पुढचामागचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. एक ठोका म्हणजे तीन बाइट: चॅनेलसह ‘नोट ऑन’चा हुकूम, नोट नंबर आणि ठोक्याचा जोर. हिशेब जवळपास एका मिलिसेकंदावर येतो. किक, क्रॅश आणि हाय-हॅट एकाच क्षणी वाजवले तरी केबलमध्ये ते रांगेनेच जातात आणि शेवटचा दोनेक मिलिसेकंद मागे पडतो. कानाला हे कळत नाही, तेव्हा उशीर जाणवला तर दोष पाच पिनांना देऊ नये. खरा उशीर दुसरीकडे असतो, त्याकडे पुढे येऊच.

कीबोर्डची पट्टी दाबली जाते आणि सोडली जाते, म्हणून मिडीत ‘नोट ऑन’पाठोपाठ ‘नोट ऑफ’ लागतो. ड्रमवर काठी पडते आणि संपतं. मग मॉड्यूल ठरावीक वेळाने स्वतःच ‘नोट ऑफ’ पाठवतं. या वेळेला सेटिंगमध्ये गेट टाइम म्हणतात. पियानो रोलमध्ये, म्हणजे नोटा पट्ट्यांसारख्या दाखवणाऱ्या पडद्यावर, सगळे ठोके एकाच लांबीचे दिसतात ते यामुळे. ड्रमची सॉफ्टवेअरं ही लांबी बहुधा पाहतच नाहीत, पण पॅडवरून सिंथचा लांब सूर वाजवायला गेलात तर तो मध्येच तुटतो. तेव्हा गेट टाइम वाढवावा लागतो.

१९८५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. अटारी एसटी हा कॉम्प्युटर मिडीची भोकं अंगातच घेऊन आला, आणि रोलँडने पॅड-८ म्हणजे पहिला ऑक्टापॅड काढला. त्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ रबरी पॅड फक्त मिडीचे हुकूम सोडत, आवाज दुसऱ्या पेटीतून यायचा. सॉफ्टवेअरच्या ट्रॅकवर आपण आज जे करतो ते हेच. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्ट्यांमधून ‘ऑक्टोपॅड’ हा शब्द घरोघरी पोचला, तो पुढच्या, आवाज असलेल्या मॉडेलांमुळे. त्यातलं गाजलेलं एसपीडी-२० आजही अनेकांकडे आहे. त्याला यूएसबी नाही, म्हणून यूएसबी-मिडी केबल लागते. तिथे घोटाळा नावांचा होतो: बहुतेक केबलींवर ‘इन’ लिहिलेला प्लग वाद्याच्या ‘आउट’मध्ये जातो. सिग्नलच येत नसेल तर आधी प्लगांची अदलाबदल करून पाहा. शिवाय अशा पॅडवर प्रत्येक पॅडला वेगळं चॅनेल देता येतं, त्यामुळे ट्रॅकचं इनपुट ‘सर्व चॅनेल’वर ठेवलेलं बरं.

१९९१ मध्ये जनरल मिडीने ड्रमसाठी १० वं चॅनेल राखून ठेवलं आणि ३५ ते ८१ या नोटांना आवाज वाटून दिले: किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, पायाने मिटलेला ४४, उघडा ४६, क्रॅश ४९, राइड ५१. ड्रम मशीनला एवढं पुरेसं होतं. १९९७ मध्ये रोलँडचं टीडी-१० आलं, जाळीचे हेड आले, आणि पुढे एकाच पॅडला दोन-तीन झोन (वेगळे आवाज देणारे भाग) मिळत गेले. एवढ्या झोनना नंबर आणायचे कुठून? स्नेअरच्या रिमला ४० मिळाला, जो यादीत इलेक्ट्रिक स्नेअर आहे. पहिल्या टॉमच्या रिमला ५०, म्हणजे यादीतला हाय टॉम. क्रॅशच्या कडेला ५५, म्हणजे स्प्लॅश. दुसऱ्या क्रॅशच्या कडेला ५२, म्हणजे चायना. हाय-हॅटच्या कडेला तर बंद असताना २२ आणि उघडा असताना २६ मिळाला. हे दोन्ही यादीच्या बाहेर, म्हणून साध्या जनरल मिडी आवाजावर हाय-हॅटची कड मुकी राहते.

इलाज सोपा आहे. ड्रम सॉफ्टवेअरच्या ई-ड्रम सेटिंगमध्ये आपल्या मॉड्यूलचा मॅप (कुठल्या नंबराला कुठला आवाज, तो तक्ता) निवडायचा. तो यादीत नसेल तर एकेक झोन वाजवून, पडद्यावर नंबर बघून ‘मिडी लर्न’ने जोडायचा. रिम अजिबातच बोलत नसेल तर पॅडची केबल तपासा, कारण दोन झोनांना स्टिरिओ केबल लागते आणि मोनो केबलवर एकच झोन येतो. नंबर लिहून ठेवताना अक्षरी नावावर विसंबू नका: तीच ३६ नंबरची नोट यामाहाच्या मोजणीत सी१ असते आणि रोलँडच्या मोजणीत सी२. एका सप्तकाने सरकलेला मॅप इथूनच जन्मतो.

हाय-हॅटचं पेडल ही कीबोर्डवाल्यांनी न कल्पिलेली वस्तू. तिची उघडझाप ४ नंबरच्या कंट्रोलरवरून, म्हणजे ‘फूट कंट्रोलर’वरून जाते. पेडल अर्धवट उघडूनही आवाज कायम बंदचाच येत असेल तर सॉफ्टवेअर हा कंट्रोलर (सीसी ४) ऐकतंय का आणि त्याची दिशा उलटी तर नाही ना, ते पाहायचं. झांज हाताने धरून आवाज थांबवायचा असेल तर रोलँडसारखी मॉड्यूलं पॉलिफोनिक आफ्टरटच, म्हणजे एकेका पट्टीवरचा दाब सांगणारा संदेश, पाठवतात. कीबोर्डवर हा संदेश दुर्मीळ, म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांनीही त्याकडे दुर्लक्ष केलं. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरने तो ११ व्या आवृत्तीत, २०२१ मध्ये स्वीकारला. जुन्या आवृत्तीत क्रॅश धरूनही वाजत राहतो, त्याचं कारण हे.

आता उशिराबद्दल. १९९६ मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोड देणारं प्रमाण आणलं आणि पुढे वाद्यंही सॉफ्टवेअरमध्ये शिरली, पण विंडोजचा तेव्हाचा ध्वनिमार्ग फार मंद होता. १९९७ मध्ये त्यांनीच एएसआयओ हा आखूड मार्ग काढला. आजही ऑडिओ इंटरफेस (कॉम्प्युटरमध्ये आवाज आत-बाहेर नेणारी पेटी) घेऊन त्याचाच एएसआयओ ड्रायव्हर निवडणं ही पहिली पायरी आहे. इंटरफेस नसेल तर एएसआयओफोरऑल या सर्वसाधारण ड्रायव्हरवर काम निभतं. ४४,१०० सॅम्पल रेटला ५१२ चा बफर (कॉम्प्युटर एका दमात हाताळतो तेवढे सॅम्पल) म्हणजे ११.६ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ६४ म्हणजे दीड. हा एका बाजूचा हिशेब आहे, त्यात मॉड्यूल आणि ड्रायव्हरचा वेळ वेगळा मिळवायचा. तुलनेसाठी, खऱ्या स्नेअरचा आवाज कानापर्यंत यायला दोनेक मिलिसेकंद लागतातच. वाजवताना १२८ किंवा ६४ ठेवा, आवाज कटकट करू लागला तर एक पायरी वर जा. मिक्सिंगला बफर पुन्हा वाढवा.

यूएसबी-मिडीचं प्रमाण १९९९ मध्ये ठरलं, म्हणून बरीच किट ड्रायव्हरशिवाय ओळखली जातात. काही मॉड्यूलांत मात्र ‘जेनेरिक’ आणि ‘व्हेंडर’ असे दोन मोड असतात. व्हेंडर निवडून कंपनीचा ड्रायव्हर टाकला नाही, तर कॉम्प्युटरला किट नीट दिसत नाही. स्वस्त मॉड्यूलांची यूएसबी फक्त मिडी पाठवते, आवाज पाठवत नाही. मॉड्यूलचाच आवाज हवा असेल तर मागच्या डाव्या-उजव्या आउटमधून दोन ६.३५ मिमी केबली इंटरफेसच्या लाइन इनपुटला न्याव्या. पण मग किक आणि स्नेअर एकाच स्टिरिओ मिश्रणात अडकतात, नंतर वेगळे करता येत नाहीत. आमचा कौल दोन्ही एकदम रेकॉर्ड करण्याला: मिडी दुरुस्तीसाठी, आवाज पुरावा म्हणून.

प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येत असेल तर दोन शक्यता. मॉड्यूल आणि सॉफ्टवेअर दोघंही बोलत असतील, तर हेडफोन इंटरफेसला लावून मॉड्यूलचा आवाज बंद करा. किंवा ट्रॅकचं मिडी आउटपुट परत मॉड्यूलकडे जात असेल, तर ते ‘काही नाही’वर ठेवा. पियानो रोलमध्येच दोन नोटा लागून दिसत असतील तर मात्र पॅड खरंच दोनदा ट्रिगर होतंय, आणि मॉड्यूलमधलं रीट्रिगर कॅन्सल वाढवावं लागेल. थोडंच वाढवा, जास्त झालं की झपाट्याने वाजवलेल्या ड्रम रोलमधले ठोके गळतात.

ठोक्याचा जोर १ ते १२७ एवढाच, हाही १९८३ चाच वारसा. २०२० मध्ये आलेल्या मिडी २.० मध्ये जोराला १६ बिट आहेत, पण घरोघरच्या किटला अजून त्या जुन्याच पट्टीवर राहायचं आहे. पॅडची सेन्सिटिव्हिटी जास्त असली की मध्यम ठोकाही १२७ ला जाऊन आपटतो, आणि सॉफ्टवेअर तोच मोठा आवाज मशीनगनसारखा पुन्हापुन्हा वाजवतं. रेकॉर्डिंगआधी पूर्ण ताकदीने दहा-वीस ठोके मारा, त्यातला एखाददुसराच १२७ ला टेकेल इतकी सेन्सिटिव्हिटी खाली आणा, आणि मग घोस्ट नोट, म्हणजे अगदी हलके ठोके, गळत नाहीत ना ते तपासा. गळत असतील तर थ्रेशोल्ड (ठोका धरण्याची किमान मर्यादा) एक-एक अंकाने कमी करा. शेजारचं पॅड आपोआप बोलायला लागलं की एक अंक मागे या.