दोन लिटर द्रावण आणि पोटातला दाब

पोटाचं डायलिसिस, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाल्यावर पोटात नळीने द्रावण भरून आणि काही तासांनी ते काढून रक्त शुद्ध करणं, सुरू झालं की पुण्यातल्या घरांमध्ये सगळी काळजी जंतुसंसर्गाची. हात धुतले का, पंखा बंद केला का. ती रास्तच आहे. पण पोटात मुक्कामाला असलेलं दोन लिटर द्रावण आतून दाबही देतं, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

हा दाब मोजणं सोपं आहे. रुग्णाला उताणं झोपवून पिशवीची नळी उभी धरायची आणि द्रावण काखेच्या मध्यरेषेपासून किती वर चढून थांबतं ते पट्टीने मोजायचं. गवंडी नळीत पाणी भरून लेव्हल काढतो, त्यातलाच प्रकार. दोन लिटरला ही उंची साधारण १२ सेंटिमीटर येते, पुढच्या प्रत्येक लिटरमागे सुमारे २ वाढते. १८च्या पुढे गेली तर डॉक्टर द्रावण कमी करायचा विचार करतात.

पण हे झालं झोपलेल्या माणसाचं. उभं राहिल्यावर दाब वाढतो आणि बसल्यावर, गंमत म्हणजे, त्याहूनही जास्त होतो. खोकताना तर तो क्षणभर कित्येक पट चढतो. म्हणून सारसबागेतल्या फेरीला सहसा हरकत नसते. जुनाट खोकला, शौचाला कुंथणं, गॅसचा सिलिंडर उचलणं यांची धास्ती जास्त. पोटात द्रावण असताना कपालभाती तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

हा दाब कमकुवत जागा शोधतो. बेंबी, जांघ किंवा जुन्या टाक्यांपाशी हर्निया होतो. कधी द्रावण झिरपून अंडकोष सुजतात. लाजून ही सूज लपवणारे पुष्कळ. क्वचित छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्यातल्या बारीक छिद्रांतून द्रावण छातीत जातं, बहुधा उजव्या बाजूला. मग दम लागतो आणि पिशवीत कमी पाणी परत येतं. द्रावणात साखर असते, म्हणून छातीतून काढलेल्या पाण्यात रक्तापेक्षा खूप जास्त साखर सापडली, तर ते डायलिसिसचंच असल्याचा दाट संशय येतो.

पाणी कमी येण्याचं कारण दर वेळी गळतीच असेल असं नाही. वाढलेल्या दाबाने द्रावण पुन्हा शरीरात शोषलं जातं, आणि बद्धकोष्ठ असेल तर फुगलेलं आतडं कॅथेटर, म्हणजे पोटात बसवलेली नळी, अडवतं. अशा वेळी जास्त पाणी ओढणारी, जास्त साखरेची पिशवी लावण्याआधी पोट साफ होतंय का, हे विचारलेलं बरं.

हर्नियाच्या ऑपरेशननंतर काही आठवडे डायलिसिस चालू ठेवायचं असेल, तर बऱ्याचदा रात्री मशीनवर, झोपून, थोडं थोडं द्रावण सोडतात आणि दिवसा पोटात द्रावण ठेवत नाहीत.