आरसीच्या चौकटीत: ट्रॅकवर उतरणाऱ्या छोट्या हॅचबॅकची पार्श्वभूमी

पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जायचं तर साधारण बाराशे किलोमीटर पडतात. राष्ट्रीय महामार्ग 48 पुण्याच्या कडेने निघतो, कोल्हापूर-बेळगाव-बंगळुरू करत श्रीपेरुंबुदूरला पोहोचतो आणि ट्रॅक तिथून हाकेच्या अंतरावर. गाडी फ्लॅटबेड ट्रकवर टाकून नेण्याचा खर्च बहुतेकांना झेपत नाही. त्यामुळे जी गाडी ट्रॅकवर फिरवायची तीच चालवत न्यायची आणि दिवस संपला की तीच चालवत घरी आणायची. भारतातली ट्रॅक-डेची, म्हणजे पैसे भरून दिवसभर ट्रॅकवर पळवायची, हॅचबॅक समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात करावी लागते. तिला नंबरप्लेट आहे, पीयूसी आहे, विमा आहे, आरसी आहे. तिच्यात काय बदललं गेलं आणि काय नाही, हे इंजिनापेक्षा या कागदांनीच जास्त ठरवलं.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर अनेक वर्षं शर्यती झाल्या. 1990 मध्ये इरुंगट्टुकोट्टईला 3.7 किलोमीटरचा कायमचा ट्रॅक झाला, 2003 मध्ये कोइमतूरजवळ 2.1 किलोमीटरचा कारी ट्रॅक आला, आणि 2011 मध्ये ग्रेटर नोएडात फॉर्म्युला वनसाठी पाच किलोमीटरहून लांब ट्रॅक उभा राहिला. हे सगळं मुख्यतः स्पर्धकांसाठी होतं. स्पर्धेशी काही संबंध नसलेल्या मालकाने पैसे भरून आपली रोजची गाडी दिवसभर ट्रॅकवर पळवावी, ही पद्धत खऱ्या अर्थाने गेल्या दशकात रुजली.

त्याआधी वेगवान छोटी गाडी म्हणजे 2001 ची फियाट पॅलिओ 1.6 जीटीएक्स. शंभराच्या आसपास अश्वशक्ती, जड पण भक्कम बांधणी, स्टिअरिंगमध्ये जीव. सचिन तेंडुलकरच्या नावाची एस10 आवृत्तीही निघाली. पेट्रोल पिण्याच्या बाबतीत मात्र ती बदनाम झाली. अशा मोठ्या इंजिनाच्या छोट्या गाड्यांची वाट पुढे अडली ती 2006 च्या अर्थसंकल्पात. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत (डिझेल असेल तर 1500) अशा गाड्यांचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आलं. एका ओळीच्या या व्याख्येने पुढच्या वीस वर्षांच्या गाड्या घडवल्या. 1.6 लिटरचं इंजिन छोट्या गाडीत घालणं तोट्याचं झालं. वेग हवा असेल तर 1200 सीसीच्या आत टर्बो बसवा, एवढाच मार्ग उरला.

चाकणला 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि 2010 मध्ये तिथली पोलो बाजारात आली. त्याच वर्षी त्या गाडीची एकाच मॉडेलची शर्यत-मालिकाही सुरू झाली, तीही डिझेल इंजिनावर. 2012 पासून तिथे 180 पीएसचं (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) 1.4 टीएसआय हे टर्बो पेट्रोल इंजिन आलं. रोल-केज, स्लिक टायर आणि मोकळा एक्झॉस्ट घेऊन ही पोलो इरुंगट्टुकोट्टईच्या पहिल्या वेगवान उजव्या वळणात घुसताना ज्यांनी पाहिली, त्यांना घरी उभ्या असलेल्या पोलोचा साचाही तोच आहे हे उमगलं. एप्रिल 2013 मध्ये पोलो जीटी टीएसआय विक्रीला आली: 1197 सीसी, 105 पीएस, 175 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कराच्या व्याख्येत बसणारी, टर्बो असलेली आणि लॅपटॉप लावून बदलता येणारी गाडी. आज ट्रॅक-डे म्हणून जे काही आहे, त्याची बरीचशी पायाभरणी या एका मॉडेलवर झाली.

बाकीच्या आल्या आणि गेल्या. 2015 ची फियाटची अबार्थ पुंटो रांजणगावात बनली: 145 अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क, किंमत दहा लाखांच्या आत. इंजिन 1368 सीसी असल्याने ती सवलतीबाहेरची होती, तरी कंपनीने किंमत आवाक्यात ठेवली. 2016 ची तीन दारांची पोलो जीटीआय 192 पीएसची होती, पण आयात करून आणल्यामुळे तिचा भाव जवळपास 26 लाख झाला. 2017 ची बलेनो आरएस आणि 2018 ची टियागो जेटीपी, दोन्ही प्रामाणिक प्रयत्न होते आणि दोन्ही 2020 मध्ये बंद झाल्या.

जीटी टीएसआयने आणखी एक गोष्ट रुजवली, ती म्हणजे रिमॅपिंग. स्टिअरिंगखालच्या ओबीडी (गाडीच्या तपासणीच्या) सॉकेटला वायर लावायची, ईसीयूतला म्हणजे इंजिनाच्या संगणकातला नकाशा (इंधन आणि ठिणगी कधी, किती याचं कोष्टक) बदलायचा आणि तासाभरात गाडी वेगळी होऊन बाहेर पडते. बॉनेट उघडावं लागत नाही, बाहेरून काही दिसत नाही, आणि पुन्हा मूळ नकाशा टाकला की सगळं पूर्ववत. त्या गाडीचा कोरड्या क्लचचा डीएसजी 250 न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे, म्हणून शहाणे ट्यूनर त्याच्या अलीकडेच थांबत. 2020 च्या पोलो 1.0 टीएसआयच्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या नावातच 200 हा न्यूटन मीटरचा आकडा आहे, तरी तिथेही ओढाताण झालीच. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या सरळ रेषेतल्या स्पर्धांनी या ताकदीच्या ओढीला खतपाणी घातलं. तिथे वळण नाही, दहाव्या फेरीचं ब्रेकिंग नाही. कुठल्या गाडीने किती सेकंदांत किती अंतर कापलं, एवढाच हिशेब.

ताकद आधी आणि ब्रेक मागाहून हा उलटा क्रम का रुजला, याचं खरं उत्तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे, असं माझं मत आहे.

1988 च्या कायद्यात या कलमाचा रोख परवानगीवर होता: बदल करणार असाल तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवा, मंजुरी घ्या, आरसीवर नोंद करून घ्या. 2000 च्या दुरुस्तीने हा रोख पालटला. निर्मात्याने मुळात जे तपशील दिले, त्यांच्याशी आरसीवरचे तपशील विसंगत होतील असा बदल मालकाने करायचाच नाही, असं कलम आता सांगतं. इंधन बदलण्याला सवलत आहे, म्हणून सीएनजीचा संच चालतो. स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे काय तेही दिलंय: वाहनाच्या संरचनेत असा फेर, ज्यामुळे त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलतं.

इथे दोन मोजपट्ट्या एकमेकींत अडकल्या आहेत. एक आरसीवरचे तपशील, दुसरी मूळ वैशिष्ट्य. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, शॉक अॅब्सॉर्बर, अँटी-रोल बार यांपैकी काहीच आरसीवर नाही, आणि पॅड बदलल्याने हॅचबॅकची संरचना बदलते असं कोणी म्हणणार नाही. इंजिन बदललं तर दोन्ही मोजपट्ट्यांवर तो बदल ठरतो, त्यात वाद नाही. रिमॅपचं मात्र त्रांगडं आहे. नव्या आरसी कार्डावर घनक्षमतेच्या शेजारी अश्वशक्तीही छापलेली असते. रिमॅपनंतर तो आकडा वस्तुस्थितीला धरून राहत नाही, पण संरचनेतला एक स्क्रूही हललेला नसतो. मग हा बदल आहे की नाही? कलमाच्या शब्दांवर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. रस्त्यावरच्या हवालदाराकडे तो तपासायचं साधन नाही, म्हणून व्यवहारात प्रश्नच उठत नाही.

जानेवारी 2019 मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000 च्या दुरुस्तीचा अर्थ कडक लावला. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नियमांच्या आधारे करता येणार नाही, आणि कायदा व नियम यांत विरोध आला तर कायदाच वरचढ, असा त्याचा गाभा. बातम्या मात्र ‘गाड्यांमध्ये कोणताही बदल बेकायदा’ अशा आल्या आणि ऑनलाइन मंडळी आजतागायत तेच वाक्य फिरवतात. निकाल तेवढं म्हणत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम 182 अ नव्या रूपात आलं: परवानगी नसलेला बदल केला, त्यात सुटे भाग बसवणंही आलं, तर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. याच दुरुस्तीने केंद्र सरकारला बदलांसाठी तपशील आणि मंजुरीच्या अटी ठरवण्याचा अधिकारही दिला. म्हणजे दार कायद्यानेच ठेवलंय. सीएनजी आणि विजेवरच्या रूपांतराला त्यातून रीतसर तपासणी आणि मान्यता मिळते. जर्मनीत कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) बसवला की तपासणी संस्था तो बघते आणि कागदावर नोंद होते. आपल्याकडे ती तपासणी करू शकणारी यंत्रणा पुण्यात एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या टेकडीवर कित्येक दशकं आहे, पण एखाद्या हौशी मालकाला आपल्या सस्पेन्शनची नोंद करून घ्यायची असेल तर त्यासाठी खिडकी नाही.

ज्याची नोंदच करता येत नाही ते लपवावं लागतं, आणि लपवायला सगळ्यात सोपा असतो सॉफ्टवेअरचा बदल. मोठी चाकं दिसतात. मोकळ्या एक्झॉस्टचा आवाज चौकात ऐकू जातो, आणि जप्त सायलेन्सरवरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. रिमॅप ना दिसतो ना ऐकू येतो. म्हणून पहिला पैसा तिथे जातो आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असलेली पोलो चाळीस जास्तीच्या घोड्यांसह ट्रॅकवर पोहोचते. सुरक्षेसाठी केलेल्या कलमाने गाड्या कमी सुरक्षित केल्या, हे मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकतं.

विम्याचं वेगळंच. नेहमीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादांमध्ये शर्यत तर वगळलेली असतेच, सोबत वेग-चाचणी आणि टिकाऊपणाच्या चाचण्याही. ट्रॅक-डे ही शर्यत नाही हे आयोजकांचं म्हणणं खरंच आहे. पण मालक तिथे गाडीची चाचणी घ्यायलाच जातो, आणि तो शब्द वगळलेल्यांच्या यादीत आहे. भिंतीला टेकलेला बंपर स्वतःच्या खिशातून.

ट्रॅकवर पहिली शिकवण मिळते ती ब्रेककडून. ग्रेटर नोएडाची मागची सरळ वाट किलोमीटरभराची आहे आणि तिच्या टोकाला गाडी जवळजवळ वळवून घ्यावी लागते. दोन-तीन वेगवान फेऱ्यांनंतर तिथे दोनपैकी एक गोष्ट घडते. पेडल कडक आहे, पाय रुतवलाय, पण गाडी थांबत नाही: पॅड त्यांच्या तापमानाबाहेर गेलेत. किंवा पेडल स्पंजासारखं होऊन खाली जातं: ब्रेक ऑइल उकळलंय, नळीत वाफ झालीय. दोन्हींचा इलाज वेगळा आणि दोन्ही स्वस्त. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावरची मर्यादा 155 अंश. हे ऑइल हवेतली आर्द्रता ओढून घेतं, त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे काढलेली गाडी या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असते. जाण्याआधी ऑइल बदलणं, ट्रॅकचे पॅड घालणं, शेवटची फेरी हळू मारून ब्रेक थंड करणं आणि पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये उभी करणं, एवढ्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच नकाशाने पडत नाही. यातलं काहीही आरसीवर नाही.

चाचणीची पद्धतही उशिरा आली. सुरुवातीला डायनोचा, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद हाच पुरावा मानला जाई. डायनोवर मोठा पंखा असतो, एकच दमदार धाव असते. चेन्नईच्या उन्हात तिसऱ्या फेरीला आत येणारी हवा तापते, इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागलं की ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो आणि कागदावरची ताकद गायब होते. जीटी टीएसआयचा इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा गार करणारा भाग) पाण्याने थंड होणारा आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतच बसवलेला, म्हणून तो काढून मोठा लावणं सरळ काम नाही. वेग आणि फेरीची वेळ नोंदवणारे जीपीएस लॉगर स्वस्त झाल्यावर चित्र पालटलं. तोच ट्रॅक, तोच चालक, टायरमध्ये तोच दाब, आणि एका वेळी एकच बदल, ही शिस्त पाळणारे गट तयार झाले. टायर गरम झाल्यावर दाब किती वाढला याची नोंद ठेवणारा माणूस आता पिटमध्ये हमखास भेटतो.

अलीकडे त्यात इंधनाची भर पडली. डिसेंबर 2020 मध्ये 100 ऑक्टेनचं पेट्रोल निवडक पंपांवर आलं, आणि 2023 पासून इथेनॉलचं प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत वाढत गेलं. आपल्या उसाच्या पट्ट्यासाठी ती चांगली बातमी होती, जुन्या नकाशांसाठी नाही. एक किलो पेट्रोल जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9. म्हणजे तेवढ्याच हवेला इंजेक्टरने जास्त इंधन सोडायला हवं. ईसीयू ठरावीक मर्यादेपर्यंत जुळवून घेतो, पण कमाल टॉर्कला इंजेक्टर आधीच टोकाला नेलेला रिमॅप असेल तर फार जागा उरत नाही. जुने नकाशे नव्याने तपासून घ्यायला हवेत.

पोलो 2022 मध्ये बंद झाली. 2025 मध्ये गोल्फ जीटीआय आयात होऊन आली, जवळपास 53 लाखांना. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीएसटी बदलला, तेव्हा चार मीटर आणि 1200 सीसीची 2006 ची रेघ तशीच राहिली: आतल्या गाड्यांना 18 टक्के, बाहेरच्यांना 40. ट्रॅकवर त्यामुळे अजूनही जुन्या पोलोच जास्त. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. 2013 मध्ये नोंदवलेल्या पहिल्या जीटी टीएसआय 2028 मध्ये नूतनीकरणासाठी आरटीओत उभ्या राहतील आणि तपासणी अधिकारी त्या गाड्या आरसीशी ताडून पाहील. पॅड, शॉक अॅब्सॉर्बर आणि नकाशा यांना ‘बदल’ म्हणायचं की नाही, याचं उत्तर तेव्हा कोणाला तरी लेखी द्यावं लागेल.